एक्स कोणाचा कोण

मी नववीत शाळा सोडली ती घरच्या परिस्थितीमुळे, असं मी आजपर्यंत सगळ्यांना सांगत आले. साफ खोटं. परिस्थिती होतीच, ती तेव्हा कोणाची बरी होती? पण शाळा मी सोडली ती एक्समुळे.

त्याआधी माझं गणित झकास होतं. तिसापर्यंत पाढे पाठ, भागाकार तोंडी. मग एक दिवस बाईंनी फळ्यावर चांगल्या चाललेल्या आकड्यांच्या मधोमध एक इंग्रजी अक्षर आणून उभं केलं. मी हात वर करून विचारलं, "बाई, हे काय?" बाई म्हणाल्या, "एक्स." मी म्हटलं, "ते दिसतंय, पण किती?" बाई म्हणाल्या, "तेच तर शोधायचंय." मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला पण माहीत नाही?" वर्ग हसला आणि मला दाराबाहेर उभं केलं. तिथून जी बाहेर पडले ती पडलेच.

आता माझं वय सत्तेचाळीस. मुलुंडच्या एका मॅटर्निटी होममध्ये एकोणीस वर्षं आया आहे. बाळाला पहिली आंघोळ घालण्यापासून बाळंतिणीच्या सासूला गप्प बसवण्यापर्यंत सगळी कामं मी करते. आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज मधुवंतीबाई मेअखेर रिटायर होणार होत्या. त्यांची जागा मलाच मिळणार, हे भिंतींना पण माहीत होतं. पण गेल्या पावसाळ्यात डॉक्टरमॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाल्या, "मावशी, इन्चार्जला कमीत कमी दहावी पास लागतं. वरून तपासणीला येतात, कागद मागतात. तुमचं सर्टिफिकेट आहे ना?"

"नाही," मी म्हटलं.

"मग मला दिशाला करावं लागेल."

दिशा म्हणजे तेवीस वर्षांची, बारावी पास, येऊन दोन महिने झालेली पोरगी. बाळाचं डोकं कुठल्या हातावर घ्यायचं ते मी तिला शिकवलं. ही उद्या माझ्या डोक्यावर बसून 'मावशी, तीन नंबरची चादर बदला' म्हणणार! माझं डोकंच सटकलं. मी म्हटलं, "मॅडम, मेमध्ये रिझल्ट लागतो. तोपर्यंत थांबा. मी दहावी पास होऊन दाखवते." मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी जुळ्यांना जन्म देणार म्हणाले होते. पण म्हणाल्या, "ठीक आहे, मेपर्यंत थांबते. त्याच्यापुढे नाही."

तर मी सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाहेरून दहावी देणाऱ्यांचा असतो तो. मराठी, हिंदी, इतिहास काही वाटलं नाही, बोलायची सवय आहे, तर लिहायला काय जातंय? इंग्रजीची भीती होती, पण एकोणीस वर्षं औषधांच्या बाटल्या वाचल्यावर तीही गेली. राहिलं गणित. आणि गणिताच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर तो मेला पाय फाकून उभा होता.

शिकवायला माझी सून अस्मिता. बीएस्सी झालेली, मुलुंडला क्लासमध्ये मुलांना गणित शिकवते. माझ्या चैतन्यशी तिचं लव्हमॅरेज. मुलगी सोन्यासारखी, पण एका गोष्टीवरून माझं तिचं पटत नव्हतं. ती नवऱ्याला नावाने हाक मारायची. "चैतन्य, टॉवेल उचल." "चैतन्य, तू आज लवकर येशील ना?" तेसुद्धा पॅसेजमधून, शेजारपाजाऱ्यांच्या देखत! आमचं लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली, मी ह्यांचं नाव उखाण्याशिवाय घेतलेलं नाही. बँकेत विचारलं तरी मी पासबुक पुढे करते, वाचा म्हणते.

तर पहिल्या दिवशी अस्मिताने रव्याच्या लाडवांचा डबा माझ्यासमोर ठेवला. "आई, समजा ह्या डब्यात एक्स लाडू आहेत. मी वरून तीन टाकले तर होतात अकरा. मग आधी किती होते?"

मी झाकण उघडलं आणि मोजायला लागले.

"आई! झाकण नाही उघडायचं!"

"माझ्या घरातला डबा, लाडू मी वळलेले, आणि मीच उघडायचा नाही?"

"उघडला तर गणित कशाला लागेल?"

"तेच तर मी म्हणतेय," मी म्हटलं. "आठ आहेत. पण थांब, काल रात्री दहा होते. चैतन्य! इकडे ये!"

त्या दिवशी एक्स राहिला बाजूला. दोन लाडू कोणी खाल्ले त्याची चौकशी झोपेपर्यंत चालली. शेवटी ह्यांनी कबूल केलं. ह्यांना डॉक्टरने गोड बंद सांगितलेलं आहे.

पण पोरगी चिकट. आठवडाभराने तिने माझ्याकडून एक गणित पूर्ण सोडवून घेतलं. एक्स अधिक तीन बरोबर आठ. तीन इकडून काढ, तिकडूनही काढ, राहिले पाच. एक्स बरोबर पाच! मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन वडे घेऊन आले. तीस वर्षं छळणाऱ्याला पकडला होता.

दुसऱ्या दिवशी तिने दहा गणितं दिली आणि क्लासला गेली. मी भाजी चिरता चिरता पाच मिनिटांत सोडवून ठेवली. ती आली, वही बघितली आणि खाली बसली.

"आई, हे काय? सगळीकडे पाच?"

"मग? काल काढला ना पाच. रोज रोज काढायचा का?"

"दर गणितात एक्स वेगळा असतो, आई."

"मग वेगळं अक्षर घ्या. सव्वीस आहेत तुमच्याकडे. आणि हे बघ, आठवं बरोबर आलंय ना?"

आठवं खरंच बरोबर आलं होतं. अस्मिताने त्यावर टिक केली, पण तोंड कडू करून.

मग आलं ते गणित ज्याच्यावरून भांडण झालं. एक्स अधिक एक्स बरोबर बारा. आता मला कळलं होतं की हा माणूस बदलतो. म्हणून मी पहिल्या एक्सखाली पाच लिहिलं आणि दुसऱ्याखाली सात.

"नाही आई. एकाच गणितात दोनदा आला तर दोन्हीकडे तोच आकडा."

"का? पाच आणि सात बारा होत नाहीत? बोटं मोज."

"होतात, पण एक्स तोच आहे ना!"

"काल तूच म्हणालीस बदलतो."

"दुसऱ्या गणितात बदलतो. ह्याच गणितात नाही बदलत."

"म्हणजे इथे बदलतो, तिथे बदलत नाही, नाव मात्र तेच लावून फिरतो. असल्या माणसाला मी घराच्या दारात उभं करणार नाही. आणि तुम्ही त्याला पुस्तकात घातलाय!"

"आई, तुम्हाला समजून घ्यायचंच नाहीये!" ती वही मिटून म्हणाली.

मला लागलं ते. फळ्याजवळच्या बाई आठवल्या, हसणारा वर्ग आठवला. आणि मला लागलं की मी गप्प बसत नाही, भलतीकडेच वार करते. मी म्हटलं, "मला समजत नाही, बरोबर आहे. मला नवऱ्याला अरेतुरे करायला पण समजत नाही. ती हुशारी तुमच्यात."

ती उठून आतल्या खोलीत गेली. दोन दिवस आम्ही एकमेकींशी फक्त 'जेवलात का' आणि 'हो' एवढंच बोललो. पुस्तक फ्रिजवर पडून राहिलं. तिकडे हॉस्पिटलात मधुवंतीबाईंनी दिशाला औषधांच्या कपाटाची चावी कुठे असते ते दाखवायला सुरुवात केली होती. परीक्षेला पाच आठवडे उरले होते. माझी वाट लागली होती, आणि हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

त्यात माझ्याकडे हळदीकुंकू होतं. दर संक्रांतीला आमच्या सहाव्या मजल्यावरच्या सगळ्या बायका माझ्याकडे जमतात. अस्मिता बौद्ध घरातली, तिच्या माहेरी हे नसतं. मीच म्हटलं होतं, तुला बसायचं नसेल तर नको बसू. ती म्हणाली होती, "कुंकू नको आई, तिळगूळ मी वाटते." भांडण असलं तरी शब्दाला जागली. सकाळी उठून वड्या थापल्या.

आमचं घर किती, तर बारा बायका बसल्या की तेराव्या बाईने आत यायला एकीने बाहेर जायचं. म्हणून पुरुषमंडळींना बाहेर पॅसेजमध्ये बसवलं होतं, कॅरम देऊन. आत बोलणं काय चाललं असणार?

"आमचे हे गावाला गेलेत, कलमांना फवारणी करायला."

"आमच्या ह्यांची शुगर परत वाढली."

"आमच्या ह्यांची तर उलटी तऱ्हा, काही खाल्लं तरी अंगालाच लागत नाही."

"आमचे हे असते तर आज त्यांनीच तिळगूळ मागितला असता आधी," सोनूबाई म्हणाल्या. त्यांचे मालक जाऊन बारा वर्षं झाली. त्यांना मी दरवर्षी बोलावते. कोणी नाक मुरडलं तर त्या बाईला पुढच्या वर्षी बोलावत नाही.

एवढ्यात समोरची रुक्मिणी दचकून उठली. रुक्मिणी आणि मी दोघी एकाच गावच्या बाजूच्या, मालवणीत बोलायला लागलो की आमचे आवाज सारखेच. अस्मिता ओट्याकडे तोंड करून वड्या ताटलीत काढत होती. रुक्मिणी म्हणाली, "अस्मिता, आमच्या ह्यांका सांग गो, कवळी बेसिनवर रवली हा, घेवन या म्हणा."

अस्मिता ताटली घेऊन बाहेर गेली. मला आतून सगळं ऐकू आलं.

"बाबा," ती आमच्या ह्यांना म्हणाली, चांगली मोठ्याने, कारण तिथे कॅरमचा गोंगाट, "आईंनी सांगितलंय, तुमची कवळी बेसिनवर राहिली, घेऊन या."

पॅसेजमधला कॅरम थांबला. मग रुक्मिणीचा नवरा लवू म्हणाला, "अरे! कवळी कधी बसवलीस रे? बोललास नाही!" आणि ज्याची कवळी खरंच बेसिनवर होती तोच बोळक्या तोंडाने सगळ्यात जोरात हसायला लागला.

आमचे हे बावन्न वर्षांचे, बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत, अजून ऊस दातांनी सोलतात. ते तावातावाने दारात आले आणि बारा बायकांसमोर तोंड उघडून उभे राहिले. "अगं, ही बघ! ही बघ कवळी! ओढून बघ!"

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. रुक्मिणीचं कुंकू डोळ्यात गेलं. अस्मिता मात्र लाल झाली. मी तिला ओट्याशी ओढली.

"अगं, ते रुक्मिणीने सांगितलं होतं. तिच्या ह्यांना!"

"मला वाटलं तुम्ही बोललात. 'आमच्या ह्यांना' म्हटलं ना." तिचा पण पारा चढला. दोन दिवसांचं साठलेलं होतं. "इथे बारा बायका, बाराही जणी 'हे, हे' करतायत. कोणता हे कोणाचा, कळायचं कसं? एकाचं तरी नाव घ्या ना!"

"त्यात न कळण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं. "जी बोलतेय तिचा तो. मी बोलले तर माझा, रुक्मिणी बोलली तर लवूभाऊ."

"पण शब्द तर एकच!"

"शब्द एकच असू दे की! बाई बदलली की माणूस बदलला. आणि तीच बाई बोलत असेल तर शंभर वेळा 'हे' म्हणू दे, माणूस तोच. रुक्मिणी म्हणाली 'हे गेले आणि ह्यांची छत्री राहिली', तर छत्री काय माझ्या नवऱ्याची असणार? आणि नाव नाही घेतलं म्हणून अडतं कुठे? पुढचं बोलणं ऐकलं की कळतं कोण ते. कवळी म्हटल्यावर तरी कळायला नको? एवढी बीएस्सी झालीस आणि एवढं साधं..."

मी थांबले, कारण अस्मिता माझ्याकडे डोळे फाडून बघत होती. हातातली वडी तशीच.

"आई," ती म्हणाली, "आत्ता काय बोललात ते परत बोला."

"कवळी?"

"त्याच्या आधीचं."

"बाई बदलली की माणूस बदलला. तीच बाई असेल तर..." माझ्या डोळ्यांसमोर तो आला, पाय फाकून उभा. पहिल्यांदाच ओळखीचा वाटला.

"एक्स अधिक एक्स बरोबर बारा," अस्मिता हळूच म्हणाली.

"एकाच बाईचं बोलणं आहे," मी म्हटलं. "म्हणजे दोन्ही तोच. सहा आणि सहा."

"आणि पुढच्या गणितात?"

"पुढच्या गणितात दुसरी बाई बोलतेय! तिचा वेगळा!" मी ओरडलेच. "अगं मग मेल्यांनी हे असं सांगायचं ना! तीस वर्षं झाली! आम्हाला नाव न घेता माणूस कोण ते ओळखायला कोणी शिकवावं लागतं का?"

अस्मिताने मला मिठीच मारली, वडीसकट. माझी पैठणी तिळगुळाने चिकट झाली. बायकांना वाटलं सासूसुनेचं रडणं चाललंय, त्या तोंडं पाडून गप्प बसल्या. मी डोळे पुसले आणि सगळ्यांना सांगितलं, काही नाही, एक्स सापडला. रुक्मिणीने विचारलं, "खंय होतो?"

त्या दिवसापासून आमची गाडी सुसाट सुटली. गणित वाचलं की आधी मी ठरवायचे, ही बाई कोण आणि हिचे हे काय करतात. मग कागदावर लिहायचे. 'एक्स मानू' मधलं ते 'मानू' मला आधी पटायचं नाही, मी कुणाला बघितल्याशिवाय मानत नाही. पण आता कळलं, नाव माहीत नसलं तरी माणूस आहे हे धरूनच चालायचं असतं. नाहीतर संसार कसा होणार?

वाय आला तेव्हासुद्धा मी घाबरले नाही. एका गणितात दोन बायका, दोघींचे दोन हे. अस्मिताने विचारलं, "आमचे बाबा आणि लवूकाका मिळून एकशेचाळीस किलो. तर प्रत्येकी किती?"

"असं कसं सांगणार?" मी म्हटलं. "एका वाक्यात दोन नवऱ्यांची भानगड सुटत नाही. अजून एक वाक्य दे."

"बाबा त्यांच्यापेक्षा वीस किलोने जास्त आहेत."

मी लिहिलं, मिळवलं, भागलं. "हे ऐंशी, लवूभाऊ साठ."

"मी अठ्ठ्याहत्तर आहे," हे पेपराआडून म्हणाले.

"गणितात ऐंशी आहात," मी म्हटलं. "गप्प बसा."

आणि खरं सांगते, ती "चैतन्य, चैतन्य" करते त्यावर मी पुन्हा कधी बोलले नाही. तिने विचारलं पण, "आई, आता राग नाही येत?" मी म्हटलं, "येतो की. पण तुझं उत्तर तू आधीच काढून ठेवलंयस, मी काय करणार?"

फेब्रुवारीच्या शेवटी परीक्षा सुरू झाली. गणिताच्या दिवशी आम्ही राहतो त्या भांडुपच्याच एका शाळेत माझा नंबर होता. बाकावर माझ्या शेजारी वेणी घातलेली सोळा वर्षांची पोर, तिला मी पेपर वाटायला आलेली बाई वाटले. ती उठून उभी राहिली. मी म्हटलं, "बस गं, मी पण तुझ्याबरोबरच आहे." मग आम्ही दोघी एका बाटलीतलं पाणी प्यायलो.

पेपर बरा चालला होता. शेवटच्या पानावर शाब्दिक उदाहरण आलं. आई आणि मुलगा यांच्या वयांची बेरीज सत्तर. दहा वर्षांपूर्वी आईचं वय मुलाच्या चौपट होतं. तर दोघांची आजची वयं काढा.

आईचं वय एक्स, मुलाचं वाय. दोन माणसं, दोन वाक्यं. मी मांडलं, सोडवलं, उत्तर आलं. आई छप्पन्न, मुलगा चौदा. बेरीज सत्तर, झकास. मी खाली रेघ मारली आणि पेनाला टोपण लावलं.

आणि माझ्यातली आया जागी झाली. छप्पन्नमधून चौदा गेले, बेचाळीस. बेचाळिसाव्या वर्षी बाळंतपण? होतं, नाही असं नाही, आमच्याकडे दोन झाली. पण ती केस आली की डॉक्टरमॅडम आधी सगळ्यांवर ओरडतात, आणि दोन-दोनदा तपासायला लावतात. मी म्हटलं, तपासूया. दहा वर्षांपूर्वी आई सेहेचाळीस, मुलगा चार. चारची चौपट सोळा. सेहेचाळीस नाही!

दहा मिनिटं राहिली होती. मी पहिल्या ओळीपासून बोट फिरवत गेले. कंसाबाहेरच्या चाराने आतल्या वायला गुणलं होतं, पण दहाला गुणायचं राहिलं होतं. चार जणांना जेवायला बोलवायचं आणि ताटं मांडताना एक पान विसरायचं, तसं. पुन्हा मांडलं. पाच वाय बरोबर शंभर. मुलगा वीस, आई पन्नास. पन्नासमधून वीस गेले, तीस. तिशीत बाळंतपण. दहा वर्षांपूर्वी चाळीस आणि दहा. चौपट. मी एवढ्या जोरात "हां!" केलं की सुपरवायझर आला आणि म्हणाला, "काकू, शांतता ठेवा."

मेमध्ये रिझल्ट लागला तेव्हा मी ड्युटीवर नव्हते, सुट्टीच काढली होती. अस्मिताने लॅपटॉप उघडला. चैतन्य मागे उभा, हे देवासमोर, रुक्मिणी दारात. पान उघडेना. सगळ्या महाराष्ट्राला तेव्हाच रिझल्ट बघायचा होता. मी नखं खात होते. लहानपणी खाल्ली नाहीत ती पण त्या दिवशी खाल्ली.

मग अस्मिता किंचाळली. "आई! पास! गणितात चोपन्न!"

हे रडले. मी नाही रडले, मी ह्यांच्यावर ओरडले, की रडताय काय, पेढे आणा, आणि तुम्ही खाऊ नका. मग आत जाऊन नळ सोडून रडले. अस्मिता मागून आली, नळ बंद केला, म्हणाली, "पाणी वाया जातंय." आणि मला धरून तीही रडली.

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसून, रिझल्टचा छापलेला कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून हॉस्पिटलात गेले. मॅडम केबिनमध्ये होत्या, बाजूला दिशा रजिस्टर घेऊन उभी. मी म्हटलं, "मॅडम, दहावी पास झाले," आणि कागद समोर ठेवला.

"काय सांगता, मावशी! वा!" मॅडम मनापासून हसल्या. त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मावशी, हा कोणाचा कागद आणलात? ही वनमाला कोण? सून का तुमची?" त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "असं चालत नाही हो. तुमचं दाखवा ना."

मला आधी कळलंच नाही त्या काय म्हणतायत. मग कळलं. एकोणीस वर्षं. ह्या बाईच्या दोन्ही मुलांना पहिली आंघोळ मी घातली. मला इतका राग आला की कानशिलं तापली. दिशा जमिनीकडे बघायला लागली. तिलाही माहीत नव्हतं, हे तिच्या तोंडावरून दिसलं.

"मीच ती," मी म्हटलं. "वनमाला."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मला खरंच..." त्या म्हणाल्या. "किती छान नाव आहे हो तुमचं."

"हो मॅडम," मी म्हटलं. "पहिल्यापासून आहे."

त्यांनी खणातून लेटरहेड काढलं आणि ऑर्डर लिहायला घेतली. मी तिथून हलले नाही. नाव पूर्ण लिहून होईपर्यंत समोर उभी राहिले.